द्राक्षपेटीतला दुहेरी सल्फर पॅड: पूर्ण हंगामाच्या वापरानंतर

द्राक्षे साठवणीत सडू नयेत म्हणून पेटीत घडांवर ठेवायचा, वायू सोडणारा कागदी पॅड म्हणजे सल्फर पॅड. पिंपळगाव-निफाड भागातल्या पॅकहाऊसमध्ये (माल निवडून पेट्या भरण्याच्या जागी) जानेवारी ते एप्रिल वापरून झालेला हा अनुभव. थॉमसन या हिरव्या वाणाच्या निर्यातीसाठी पॅड बेलाशक घ्यावा. शरद, जंबो अशा काळ्या वाणांना मात्र जपून.

पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असते. ओल लागली की सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. पहिले एक-दोन दिवस जोरात, नंतर कित्येक आठवडे सावकाश, म्हणून हा पॅड दुहेरी. द्राक्षे सडवणारी करडी बुरशी शून्य अंशालाही वाढते, त्यामुळे नुसत्या थंडाव्यावर भागत नाही. वरवरचे बीजाणू पॅडने मरतात, मण्याच्या आत शिरलेली बुरशी मरत नाही. म्हणून तडकलेले, ओघळलेले मणी कात्रीने आधीच काढावेत.

खरा फरक देठात दिसतो. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) देठ तपकिरी पडतात. हा वायू त्यालाच रोखतो, म्हणून काडी हिरवी राहते. पण मण्यात शिरलेल्या वायूचे सल्फाइट होते, आणि त्याचे सल्फेट करताना पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. तो निस्तरायला फळाची स्वतःची कॅटालेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरे राबतात. मात्रा बेताची असेल तर फळ हे पेलते. जास्त झाली की पेशींची आवरणे फाटतात, मणी मऊ पडतो. काळ्या वाणात अँथोसायनिन या रंगद्रव्याचा रंगच उडतो. सुरुवात देठाच्या खोबणीपाशी होते, कारण वायू तिथूनच आत शिरतो. पॅडने फळ जास्त पौष्टिक होते, असे कुणी सांगितले तर मानू नका.

जानेवारीत निफाडच्या थंडीत तोडलेला माल आणि मार्चच्या दुपारचा माल यांना एकच पॅड सारखा लागू पडत नाही. गरम घड लायनरमध्ये (पेटीतल्या प्लास्टिकच्या पिशवीत) बंद केले की पाणी सुटते, पॅड भिजतो आणि आठवड्यांचा वायू काही तासांत बाहेर पडतो. मार्चमध्ये तोड सकाळीच उरकावी. लायनर उघडा ठेवून गर ४ अंशांखाली येईपर्यंत प्रीकूलिंग करावे, म्हणजे माल आधीच थंड करून घ्यावा, मगच घडांवर कागद, त्यावर पॅड, आणि लायनर मिटावा. पुढे तापमान शून्याच्या आसपास, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. मध्येच पेटी बाहेर काढून पुन्हा आत ठेवली तरी घाम सुटतोच.

युरोपात खाण्याच्या द्राक्षांतल्या सल्फाइटची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे. त्यामुळे धास्तीपोटी दुसरा पॅड टाकू नये.

उरलेले पॅड हवाबंद पिशवीत, कोरड्या जागी ठेवावेत. पावसाळ्यात उघडे राहिलेले पाकीट पुढच्या हंगामाला वापरू नये.