एस्प्रेसो मशीनचा बॉयलर: नवा प्रेशरस्टॅट की पीआयडी?

गेजवरची बॉयलरची सुई सारखी ०.९ ते १.२ बारमध्ये वर-खाली होते आणि दुधाला कधी छान वाफ मिळते, कधी फुसकी, अशी तक्रार असेल तर मूळचा स्वस्तातला प्रेशरस्टॅट (बॉयलरचा दाब बघून हीटर चालू-बंद करणारा स्विच) बदलायची वेळ झाली आहे. (इथे ९ बारचा संबंध नाही, तो पंपाचा दाब.) हे सगळं हीट एक्स्चेंजर मशीनबद्दल, म्हणजे जिथे वाफेच्याच बॉयलरमधून जाणाऱ्या नळीत कॉफीचं पाणी तापतं. थर्मोस्टॅटवर चालणारं छोटं सिंगल बॉयलर असेल तर प्रश्नच मिटला, पीआयडी (तापमान मोजून हीटर नेमका चालवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) बसवा.

०.१ बार म्हणजे बॉयलरच्या तापमानात सुमारे दीड अंश. म्हणजे ०.३ बारच्या हेलकाव्यात साडेचार अंश गेले. सिराई ब्रँडसारख्या दणकट यांत्रिक प्रेशरस्टॅटने हा हेलकावा साधारण निम्म्यावर येतो, आणि बदल फक्त एका नळीचा आणि दोन-तीन वायरींचा. अडचण आकाराची: छोट्या मशीनच्या पत्र्याआड तो मावतो का, ते आधी मोजून बघा. शिवाय आतली नळी क्षाराने तुंबते. खडकवासल्याचं पाणी सौम्य, पण वाघोलीकडे टँकरवर किंवा बोअरवर राहणाऱ्यांनी पाण्याचा बंदोबस्त आधी करावा, सुटा भाग नंतर.

पीआयडी सुई जवळजवळ खिळवून ठेवतो. सकाळी थंड बॉयलरमध्ये अडकलेली हवा प्रेशरस्टॅटला फसवते, दाब दिसतो पण पाणी पुरेसं तापलेलं नसतं. तापमान मोजणारा पीआयडी त्याला भुलत नाही. मात्र परदेशातल्या कुणाचा १२० अंशांचा आकडा आंधळेपणाने भरू नका. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, त्यामुळे १ बार दाखवणाऱ्या गेजमागचं तापमान इथे सुमारे एका अंशाने कमीच असतं. गेज बघून आकडा ठरवा.

आता पीआयडीवाले सहसा न सांगणारी बाजू. हीट एक्स्चेंजरमध्ये कॉफीचं पाणी बॉयलरमधून जाणाऱ्या नळीत तापतं, म्हणून मशीन बराच वेळ उभं राहिलं की ते फार तापतं आणि आधी थोडं पाणी सोडून द्यावंच लागतं. बॉयलर कितीही स्थिर करा, हे सुटत नाही. आणि पीआयडीच्या हुकमावर हीटर चालू-बंद करणारा एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच) बिघडला की बहुतेकदा चालूच अडकतो, मग भरवसा फक्त सेफ्टी व्हॉल्व्हचा आणि ओव्हरहीट कटआउटचा. पुण्यातल्या तापकीर गल्लीत एसएसआर सहज मिळतो, पण स्वस्तातल्यांवर छापलेल्या अँपिअरवर विश्वास ठेवू नका. दीड किलोवॅटच्या हीटरला सहा-साडेसहा अँपिअर लागत असले तरी २५ अँपिअरचा, हीटसिंकसकट घ्या.

माझं मत विचाराल तर मधली वाट. जुना प्रेशरस्टॅट ठेवायचा, पण हीटरचा प्रवाह २३० व्होल्टवर चालू होणाऱ्या एसएसआरमधून न्यायचा. मग प्रेशरस्टॅटच्या कॉन्टॅक्टवर ठिणग्या पडत नाहीत, ते लवकर जळत नाहीत. हेलकावा मात्र तसाच राहतो, म्हणून तक्रार जर "कॉन्टॅक्ट पुन्हा चिकटले" अशी असेल तरच हे. दिवसाला दोन कप कापुचिनो करणाऱ्या घराला रुंद हेलकाव्यावर नवा यांत्रिक प्रेशरस्टॅट पुरतो. लाईट रोस्टचे शॉट ओढत एकेक अंशावर वाद घालणाऱ्याने पीआयडी घ्यावा, पण वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच, अर्थिंग तपासून.