सोलर कुंपणाचं झटका मशीन, दोन हंगाम वापरून सांगतो (5 पैकी 4 स्टार)

आठ दिवस वापरून लिहिलेल्या रिव्ह्यूवर माझा भरोसा नाही, म्हणून दोन हंगाम थांबलो. वावर चार एकर, पाटोदा तालुक्यात, मयूर अभयारण्याच्या अंगाला. सोयाबीन दोन पानावर आलं की हरणाचा कळप, शेंगा भरल्या की रानडुकरं, रात्र रात्र जागल करून बॅटऱ्या मारून फटाके फोडून दमलो होतो राव.

मशीन, पॅनल, 12 व्होल्टची बॅटरी, तीन पदरी तार, इन्सुलेटर सगळं धरून 18 हजार गेले. झटका जोरात लागतो पण क्षणभराचाच, सेकंदाला एक असा टक टक येतो, त्यामुळं जनावर दचकून पळतं, मरत नाही. काहीजण लाईटीची तार डायरेक्ट कुंपणात सोडतात, ते नका करू बाबांनो, त्यात माणसं मेलीत आणि गुन्हाबी लागतो.

पहिल्या महिन्यात मशीन बोगस वाटलं होतं, पण चूक माझीच होती. आमचा मुरूम कोरडा ठण्ण, अर्थिंगच धरत नव्हती. खड्डा खोल करून मीठ-कोळसा घातला, वरून रोज घागरभर पाणी, मग लागला झटका. खालची तार जमिनीपासून फूटभरच ठेवा, डुक्कर नाक खाली घालूनच येतं. आणि तारेखालचं गवत सारखं काढावं लागतं, ओलं गवत टेकलं की करंट तिथंच उतरतो, एक स्टार ह्या कटकटीचा कापला.

आता खरं सांगू का, कळप कुठं गेला नाही, बांधापलीकडं चुलत्याच्या वावरात गेला. त्यांचा हरभरा खाल्ला, चार महिने आमच्याशी धड बोलले नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. मी 18 हजार घालून नुकसान फक्त पलीकडं ढकललं. आधी हीच हरणं गायरानात, माळावर चरायची. ते गायरान थोडं थोडं नांगरून खाल्लं आपणच, कागदावर माळ म्हणजे पडीक, त्याची किंमत शून्य, म्हणून कुणाला काय वाटलं नाही. आता तीच किंमत तारेत, बॅटरीत भरतोय. अभयारण्य सगळं मिळून 30 चौरस किलोमीटरच्या आत, 1994 चं, आणि हरणाला काय माहीत हद्द कुठं संपते ती.

उलटंबी होतं. आमचे मेव्हणे करमाळ्याचे, तिकडं 1979 ला माळढोकासाठी 8 हजार चौरस किलोमीटरच्या वर अभयारण्य केलं, त्यात लोकांच्या खासगी जमिनी, खरेदी-विक्रीला अडचण, लोक त्या पाखराचंच नाव काढून शिव्या द्यायचे. शेवटी कमी करून 1,222 वर आणलं. माळ राखायचा तर ज्याचा माळ त्याच्या हातात चार पैसे पडले पाहिजेत, नुसती पाटी लावून कोण राखतंय.

सरकारच्या जनवन योजनेत सौर कुंपणाला 75 टक्के किंवा 15 हजार, जे कमी असंल ते अनुदान असतं, गाव यादीत बसतं का ते आधी बघा. मी न विचारता घाईत घेतलं, गाढवपणा माझा.

चुलत्यांनीबी आता हेच मशीन आणलंय. अर्थिंगचा खड्डा मीच खांदून दिला, त्यांच्या पलीकडं पाटलाची तूर आहे.