डांबराचा वास आला होता, तरी ८,७०० डॉलर मोजले

चार महिने झाले, नीट कुणाला सांगितलेलं नाही. आईबाबांना तर गाडी विकली एवढंच माहितीय. पण परवा ऑफिसमधला एक नवीन मुलगा विचारत होता की थंडीच्या आत जुनी एसयूव्ही घ्यायचीय, प्रायव्हेट सेलर बरा की डीलर, आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. म्हणून लिहून काढतोय सगळं.

आम्ही कॅनडात, ओंटारियोत, टोरंटोच्या वर बॅरीच्या बाजूला राहतो. जॉर्जियन बेवरून वारा सुटला की टोरंटोत रस्ते कोरडे असतात तेव्हासुद्धा आमच्याकडे गुडघाभर बर्फ पडलेला असतो. बायकोची शिफ्ट सकाळी सातची, मुलगी चार वर्षांची, बस तासाला एक. गाडी लागणारच होती, चैन म्हणून घेत नव्हतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण "एवढी घाई कशाला केलीस" हे खूप ऐकून घेतलंय मी.

जाहिरात चांगली होती. ऑल व्हील ड्राइव्ह, १ लाख ४२ हजार किलोमीटर, रिमसकट विंटर टायर फ्री, सेफ्टी (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे अशी गॅरेजची तपासणी) केलेली. मागितले ९,४००, ठरले ८,७००. फोनवर बोलताना विकणाऱ्याने आवाजावरून ओळखलं आणि सरळ हिंदीवर आला, म्हणाला आपल्या माणसाला मी फसवणार नाही. या एका वाक्यावर माझे अर्धे प्रश्न विचारायचे राहून गेले.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, घड्याळं मागे गेलेली, त्याने सहाची वेळ दिली. म्हणजे काळोख. घरी नाही बोलावलं, एका प्लाझाच्या पार्किंगमध्ये बोलावलं, "घरी पाहुणे आलेत" म्हणून. पाऊस पडून गेला होता, गाडी उभी होती ती बरोबर डबक्यावर. बॉनेटला हात लावला तर गरम. आत्ताच चालवत आलो ना, म्हणाला. आता कळतं, थंडीसाठी गाडी घेताना बघायचं असतं ते रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं ते. गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं. थंड गाडी दाखवायला तयार नसेल तर तिथूनच मागे फिरा.

आणि आता तो क्षण. हा मला रात्री झोपताना आठवतो. बायको मागच्या सीटवर बसून बघत होती, तिने काच खाली केली आणि म्हणाली, "अहो, डांबराचा वास येतोय का हो?" येत होता. मी मोबाईलचा टॉर्च लावला, डबक्यात गुडघा टेकून खाली वाकलो आणि दाराखालच्या पट्टीला आतून हात लावला. बोटं काळी झाली. चिकट, ओलं, ताजं. गाडी दहा वर्षांची आणि खालून नुसती चकाचक काळी, एक ओरखडा नाही, मिठाचा डाग नाही. तो लगेच टिश्यू घेऊन पुढे आला, "कालच रस्टप्रूफिंग करून घेतलं तुमच्यासाठी, दीडशे डॉलर घातले खिशातले." आणि मी काय केलं, तर बोटं पुसली आणि त्याला थँक्यू म्हटलं. बायकोला वर म्हटलं, अगं चांगलंच आहे ते, बर्फात लागतं. ती गप्प बसली.

इथे रस्त्यावर महिनोन् महिने मीठ पडतं, त्यात गाडी खालून कुजते, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहितीय, मलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की नीट काळजी घेणारा माणूस दर वर्षी तेलाचा स्प्रे मारून घेतो, त्यातून खालचा पत्रा दिसतो, हात तेलकट होतो. विकायच्या आदल्या दिवशी जुन्या गाडीला जाड काळा डांबरी थर मारला असेल तर तो बहुतेक वेळा गंज झाकायलाच मारलेला असतो, वर त्याच्या आत ओल अडकून पत्रा आणखी जोरात सडतो. ताजा काळा रंग दिसला की घेऊ नका. भाव कितीही कमी करू दे.

ओनरशिपवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, नाव दुसऱ्याचं होतं. मेहुण्याची गाडी आहे म्हणाला, तो शिफ्टला गेलाय, सही करून ठेवलीय. प्रायव्हेट सेलरने २० डॉलरचं जे यूज्ड व्हेइकल इन्फॉर्मेशन पॅकेज (गाडीच्या नोंदींचे सरकारी कागद) द्यावं लागतं ते पण होतं, त्यावरही तेच मेहुण्याचं नाव. मी मूर्ख नाहीये, मी विचारलं होतं. पण उत्तर इतकं पटकन आलं की खोटं वाटलंच नाही. शिवाय सेफ्टी सर्टिफिकेट होतं, ३६ दिवस चालतं, ३१ दिवस झालेले. हिस्टरी रिपोर्ट क्लीन. आता सांगतो, हिस्टरी रिपोर्टमध्ये गंज येत नाही, आणि सेफ्टी म्हणजे गॅरंटी नव्हे. आणि सेफ्टी विकणाऱ्याने करून आणलेली असेल तर तुमच्या मेकॅनिककडे परत दाखवा, त्याच्या नाही.

३०० ई-ट्रान्सफर, ८,४०० कॅश. बिलावर ४,००० लिहूया, टॅक्स वाचेल, असं तो म्हणाला, मी नाही म्हटलं. (तसंही प्रायव्हेट सेलमध्ये १३ टक्के टॅक्स बिलाची रक्कम आणि गाडीची होलसेल किंमत यातल्या मोठ्या आकड्यावर लागतो.) म्हणजे १,१३१ आणखी गेले.

डिसेंबरच्या पहिल्या मोठ्या बर्फात मागून ठक ठक आवाज यायला लागला आणि वळणावर मागची बाजू भलतीकडेच सरकायची. मला वाटलं टायर. टायर बघितले तर साइडवॉलवर डीओटी म्हणून जो कोड असतो त्याच्या शेवटी ३६११, म्हणजे २०११ सालचा ३६वा आठवडा. विंटर टायरवर असतं ते डोंगर-बर्फाचं चिन्ह होतं, खाचा खोल होत्या, आणि रबर नख रुतत नाही इतकं दगडासारखं. फ्री म्हणून खूश झालो होतो मी. ते चार आकडे वाचायला दहा सेकंद लागतात हो!

मेकॅनिकने गाडी वर उचलली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन मागच्या सबफ्रेमवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, जिथे सस्पेन्शनचा आर्म बसतो तिथे, हलकेच दाबला. आरपार गेला. काळा थर पापुद्र्यासारखा सुटून खाली पडला आणि त्यामागून गंजाचा भुगा, मूठभर. दाराखालच्या पट्टीत फोम भरून वरून रंग मारलेला. मेकॅनिक म्हणाला, यात लहान मुलीला बसवून हायवेवर नेत होतात? त्यावर मी काय बोलणार. ५,२४० चं एस्टिमेट, टॅक्स वेगळा, आणि त्यानेच सांगितलं करू नका, ब्रेकच्या लाइनी पण गेल्यात.

हीच तपासणी आधी केली असती तर १२० डॉलर. तेवढेच घेतले त्याने माझ्याकडून, नंतर.

विकणाऱ्याचा फोन अर्थातच बंद. ओनरशिपवरच्या माणसाला शोधलं, तर तो कुणाचा मेहुणा वगैरे नाही. मी घेण्याच्या दीड महिना आधी त्याने ती गाडी "पार्ट्ससाठी" १,५०० ला विकली होती, सही करून कागद दिले, ट्रान्सफर झालं की नाही बघितलंच नाही. असल्यांना इथे कर्बसायडर म्हणतात, लायसन्स नाही, गाड्या उचलायच्या, रंगवायच्या, स्वतःच्या म्हणून विकायच्या.

पोलिसांकडे गेलो. सिव्हिल मॅटर, म्हणजे दिवाणी प्रकरण, म्हणाले. मी म्हटलं, माणूस खोटं नाव सांगून कॅश घेऊन गेला, हे सिव्हिल कसं? काउंटरवरच्या बाईंनी एक माहितीपत्रक दिलं, "गाडी घेताना काय काळजी घ्यावी"! डीलरांवर देखरेख करणारी संस्था म्हणाली, तो डीलर नाही, त्यामुळे भरपाई फंड लागू नाही, माहिती मात्र नोंदवून ठेवतो. म्हणजे लायसन्स घेऊन फसवलं असतं तर दाद, बेकायदा धंदा करून फसवलं तर नाही? सेफ्टी देणाऱ्या गॅरेजची सरकारी खात्यात तक्रार केली, फोटो जोडले, तर उत्तर आलं की तपासणीनंतर गाडीचं काय झालं ते सांगता येत नाही. एक महिन्यात सबफ्रेम सडते का? पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, खाली फक्त सही वेगळी. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, जा म्हणाले सगळे. जातो की, पण नोटीस कुणाच्या पत्त्यावर बजावू? ई-ट्रान्सफरवरचं नाव खोटं, बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. सगळ्यांनी मिळून साडेसात तास होल्डवर ठेवलं असेल मला, आणि प्रत्येक जण शेवटी "अजून काही मदत करू शकतो का?" विचारतो.

हिशोब लिहूनच ठेवतो. गाडी ८,७००, टॅक्स १,१३१, तपासणी १२०, टोइंग १६५. भंगारवाल्याने ५५० दिले. ९,५६६ डॉलर गेले. बायकोने अजून एकदाही वासाचा विषय काढलेला नाही.

घरी बोलवत नसेल तर जाऊ नका, विकणाऱ्याच्या ड्रायव्हिंग लायसन्सवरचं नाव ओनरशिपशी जुळवा, गाडी बघा ती दिवसाउजेडी, कोरड्या जमिनीवर. "उद्या दुसरा गिऱ्हाईक येतोय" म्हणाला तर येऊ दे त्याला.

मागच्या रविवारी सहज जाहिराती चाळत होतो. गाडी दुसरी, नाव दुसरं, नंबर दुसरा, पण तीच प्लाझाची भिंत, आणि रिमसकट विंटर टायर फ्री. फोटो मोठा करून बघितला, दाराखालची पट्टी काळी चकचकीत. लगेच रिपोर्ट केलं, पोलिसांनाही लिंक पाठवली. आज बुधवार, जाहिरात अजून तशीच आहे, भाव फक्त २०० नी उतरवलाय.