इंग्रजी शिकायचं ॲप: 'शॉर्ट ऑफ'चा धडा भारी, पण अर्धवट
महिनाभर वापरतेय, त्यात 'आकड्याला कमी पडणं' हा धडा एकदम मस्त जमलाय. 'टू शॉर्ट ऑफ अ हंड्रेड' म्हणजे 98, आणि शॉर्टच्या जागी 'शाय' टाकलं तरी तेच, मी आपली इतके दिवस शाय म्हणजे फक्त लाजाळू समजत होते (शंभराला लाजून दोन पावलं मागे थांबलेला आकडा, असं लक्षात ठेवलंय आता). 'अंडर 18' मध्ये 18 येत नाही, 'अप टू 18' मध्ये सहसा येतो, हे पण नीट सांगितलंय. पण 'नथिंग शॉर्ट ऑफ अ मिरॅकल'ला नुसतं 'चमत्कारापेक्षा कमी नाही' लिहून मोकळे, अरे सरळ 'चमत्कारच' म्हणा ना! 'रन शॉर्ट' आणि 'फॉल शॉर्ट'मधला फरक तर गायबच. तरी चार स्टार.