बीएएमएमसी: तीन वर्षं शिकून आणि आठ महिने वापरून

मी २०२२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बीएएमएमसीला, म्हणजे ‘बॅचलर ऑफ आर्ट्स इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन’ या माध्यमांच्या पदवी अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतला आणि २०२५ मध्ये पत्रकारिता घेऊन पदवी पूर्ण केली. अजून बरेच जण याला बीएमएमच म्हणतात, कारण २०१९-२० च्या आधी नाव तेच होतं. गेले आठ महिने मी पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर काम करणाऱ्या एका आरोग्य संस्थेत आहे. बायकांसाठी फोनवर ऐकायच्या छोट्या क्लिप लिहायच्या, रेकॉर्ड करायच्या आणि त्या खरंच पोचल्या का ते बघायचं, हे माझं काम. म्हणजे शिकलेलं रोज वापरावं लागतं. निकाल लागला त्याच महिन्यात हे लिहिलं असतं, तर ‘थिअरी फार, प्रॅक्टिकल कमी’ एवढीच तक्रार केली असती. आज माझं मत जवळजवळ उलटं आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी त्रासाचं सांगते, म्हणजे कोणी आंधळेपणाने प्रवेश घेणार नाही. हा अभ्यासक्रम बहुतेक कॉलेजांत विनाअनुदानित चालतो. साध्या बीएची अनुदानित फी आणि ही फी यांत कित्येक पटींचा फरक असतो. आमच्या घरी माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी आईची भिशी आधी उचलावी लागली. वर्गात आम्ही साठ जण आणि फोटोग्राफीच्या पेपरला कॅमेरे दोन. एका सेमिस्टरमध्ये एकाच विषयाला तीन शिक्षक बदलले, कारण तासावर येणाऱ्यांना दुसरीकडे बरं काम मिळालं की ते जात, आणि त्यांना दोष देता येत नाही. एडिटिंगचं सॉफ्टवेअर लॅबमध्ये शिकवलं ते जुनं होतं. मला आज जे लागतं ते मी मोबाइलवर स्वतः शिकले. गुणांची विभागणी ७५ लेखी आणि २५ अंतर्गत अशी होती. त्या २५ साठी केलेल्या प्रेझेंटेशनमधली निम्मी तरी घाईत उरकलेली होती, माझी धरून.

मी सफाळ्याची. घरात वाडवळी बोली, शाळा मराठी, आणि कॉलेजात सगळं इंग्रजीतून. काही मोजक्या कॉलेजांत हाच अभ्यासक्रम मराठीतूनही चालतो, पण आमच्या गाडीच्या वेळांत बसणारं तसं कॉलेज मला सापडलं नाही. विरारच्या पुढे लोकल कमी. एक सुटली की पुढचं सगळं वेळापत्रक कोसळतं. पहिल्या महिन्यात मी वैतरणेच्या पुलावर गाडी आली की वही उघडायची आणि विरार येईपर्यंत तीच पाच वाक्यं पुन्हा पुन्हा वाचायची. शब्द कळायचे, अर्थ लागायचा नाही.

मार्ग सापडला तो माध्यमांच्या इतिहासाच्या तासाला. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं, हे शाळेत पाठ केलं होतं. पण ‘दर्पण’ दोन भाषांत निघायचं, पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी दोन स्तंभांत असायचा, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घरी येऊन मी नव्या वहीच्या पानांवर मधोमध रेघ मारली. डावीकडे वर्गातला इंग्रजी शब्द, उजवीकडे तो मला मराठीत जसा समजला तसा. नुसता कोशातला प्रतिशब्द लिहायचा नाही, असा नियम केला. ‘कम्युनिकेशन’पुढे आधी ‘संज्ञापन’ लिहिलं, कारण पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विभागाच्या नावात तो शब्द आहे. मग खाली लिहिलं: सांगणं आणि पोचणं, दोन्ही. तीन वर्षांत अशा चार वह्या भरल्या. इंग्रजी माध्यमातल्या मैत्रिणीही परीक्षेआधी त्या मागून न्यायच्या, कारण उजवीकडचा स्तंभ भरताना मला प्रत्येक कल्पना खरोखर समजून घ्यावी लागली होती.

आता त्या ‘थिअरी’बद्दल. पहिल्याच सेमिस्टरला क्लॉड शॅननचं १९४८ चं मॉडेल येतं. शॅनन बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करायचा, त्यामुळे त्याची अडचण तारेतून संदेश नेण्याची होती: पाठवणारा, वाहिनी, घेणारा आणि मध्ये येणारा ‘नॉइज’, म्हणजे अडथळा. त्याच वर्षीचं हॅरल्ड लासवेलचं सूत्र: कोण, काय, कुठल्या मार्गाने, कोणाला सांगतो आणि त्याचा परिणाम काय होतो. परीक्षेत पाच गुणांची टीप म्हणून हे लिहिलं आणि विसरले. पुढे स्टुअर्ट हॉल आला, १९७३ चा. त्याचं म्हणणं असं, की बनवणाऱ्याने घातलेला अर्थ घेणारा तसाच उचलेल असं नाही. तो आपल्या जागेवरून, आपल्या अनुभवातून वाचतो. कधी मान्य करतो, कधी थोडा बदलून घेतो, कधी साफ उलटा घेतो.

नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात मी पहिली क्लिप लिहिली. विषय गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या. ‘गरोदर मातांनी लोहयुक्त गोळ्यांचे नियमित सेवन करावे’ अशी सुरुवात, मागे संगीत, दोन मिनिटं. ऑफिसात सगळ्यांना आवडली. आशाताईंबरोबर, म्हणजे तिथल्या आरोग्य स्वयंसेविकेबरोबर, पाड्यावर गेले, अंगणात पाच-सहा जणींना ऐकवली आणि विचारलं, ‘आवडली का?’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खूश होऊन परत आले. महिन्याभराने आशाताईंनी सांगितलं, गोळ्यांची पाकिटं घरात तशीच पडून आहेत.

तेव्हा वही काढली. घेणारी कोण, याचा मी विचारच केला नव्हता. परत गेले आणि या वेळी क्लिप न ऐकवता नुसती बसले. हळूहळू कळलं की दोन भीती आहेत. एक, गोळीने बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अवघड जाईल. दुसरी बोलायला त्यांना लाज वाटत होती: गोळी सुरू केल्यावर शौचाला काळं होतं, त्यामुळे पोटात काहीतरी बिघडलं असं वाटून दोघींनी गोळ्या बंद केल्या होत्या. लोहामुळे रंग काळा होतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आमच्या दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये या गोष्टीचा एक शब्द नव्हता. ‘नियमित सेवन’ होतं. नॉइज तारेत नव्हता, माझ्या भाषेत होता आणि मी न विचारलेल्या प्रश्नात होता.

नवी क्लिप चाळीस सेकंदांची केली. संगीत काढलं. आवाज माझा नाही, त्याच भागातल्या एका आशाताईंचा, त्यांच्या बोलीत. पहिलं वाक्यच काळ्या रंगाबद्दल. लांबी कमी करण्याचं आणखी एक कारण होतं: पाड्यावर रेंज नसते, बायकांच्या फोनवर क्लिप उतरते ती जव्हारच्या बाजारात आल्यावर, आणि मोठी फाइल अर्ध्यात अडकते. मार्शल मॅक्लुहानचं ‘माध्यम हाच संदेश’ हे १९६४ चं वाक्य मी दुसऱ्या वर्षी घोकलं होतं: काय सांगतो यापेक्षा ते कुठल्या माध्यमातून जातं, याचा परिणाम मोठा. मोठ्या फाइलला नुसतं वर्तुळ फिरत राहिलेलं पाहिलं तेव्हा ते पहिल्यांदा कळलं.

आणि ‘आवडली का’ असं विचारणं मी कायमचं सोडलं. ‘त्यात काय सांगितलं, तुमच्या शब्दांत सांगा,’ असं विचारते. हे मात्र मला चौथ्या सेमिस्टरच्या संशोधनाच्या पेपराने शिकवलं होतं, ते मी कामाच्या गडबडीत विसरले होते. तो पेपर मुलांना सगळ्यात कंटाळवाणा वाटतो. आमच्या गटाने ‘महिला वर्तमानपत्र वाचतात का’ असा सर्व्हे केला होता, तोही कॉलेजातल्याच पन्नास मैत्रिणींचा. मॅडमनी तो परत केला आणि म्हणाल्या, जे हाताशी आहेत त्यांनाच विचारलंत, मग उत्तर सगळ्या महिलांचं कसं? मग मी सफाळे स्टेशनच्या तिकीट खिडकीजवळ उभी राहून दर पाचव्या बाईला विचारू लागले. भाजी घेऊन निघालेल्या बायका ‘आम्ही कुठं पेपर वाचतो’ म्हणून पुढे जायच्या. प्रश्न बदलला: ‘काल कुठली बातमी कळली आणि कोणाकडून?’ मग त्या थांबून बोलायला लागल्या. एकीला मुलाच्या फोनवरून कळलं होतं, दुसरीला डब्यात शेजारी बसलेल्या मुलीने वाचून दाखवलं होतं. बातमी त्यांच्यापर्यंत येत होती, माझा प्रश्नच चुकीच्या दारावर उभा होता. ही एक गोष्ट शिकवल्याबद्दल मी त्या मॅडमची आयुष्यभर ऋणी राहीन.

माध्यम कायद्याचा पेपर माझ्यासाठी घरचाच निघाला. राज्यघटनेचं कलम १९(१)(अ) अभिव्यक्तीचा हक्क देतं, १९(२) त्यावरची वाजवी बंधनं सांगतं, एवढं सगळीकडे शिकवतात. त्या दिवशी सर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमाकडे, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणाऱ्या कलमाकडे, आले आणि म्हणाले, हे प्रकरण पालघरहून सुरू झालं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून पालघरमध्ये दोन तरुण मुलींना अटक झाली. त्यातून श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्दच केलं. ती अटक झाली तेव्हा मी आठ वर्षांची होते. घरात मोठी माणसं आवाज खाली आणून बोलत होती, एवढंच आठवत होतं. आपल्या दोन स्टेशनं पुढच्या गावातली गोष्ट देशभरची मुलं-मुली कायद्याच्या पुस्तकात वाचतात, हे समजल्यावर मी त्या विषयाचा एकही तास बुडवला नाही. पाचव्या सेमिस्टरला माहिती अधिकाराचा अर्ज प्रत्यक्ष करायचा होता. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून मी आमच्याकडच्या नळ दुरुस्तीच्या खर्चाची माहिती मागितली. तीस दिवसांच्या मुदतीच्या आत उत्तर आलं. सरकारी कागद आपल्या नावाने घरी येतो, याचं वडिलांना इतकं अप्रूप वाटलं की त्यांनी तो प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपून ठेवला.

एक कमतरता मात्र मनाला लागून राहिली. भारतातले, आणि त्यातही ग्रामीण भारतातले प्रयोग घाईत उरकले जातात. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही पोचवला गेला. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पिज गावातल्या छोट्या प्रक्षेपकावरून गावकऱ्यांच्या प्रश्नांवर, गावकऱ्यांनाच बरोबर घेऊन कार्यक्रम केले गेले. आपल्या म्हसवडमध्ये माणदेशी बायका २००८ पासून ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हा सामुदायिक रेडिओ चालवतात. मी आज जे करतेय त्याचे हे थेट पूर्वज. आम्हाला या सगळ्याला मिळून एक तास मिळाला, आणि अमेरिकी निवडणुकीवरच्या ‘अजेंडा सेटिंग’च्या, म्हणजे लोकांना कुठले विषय महत्त्वाचे वाटतात ते माध्यमं कशी ठरवतात याच्या, अभ्यासाला चार. तो अभ्यासही महत्त्वाचा आहे, मी नाही म्हणत नाही. पण खेड्याकडे परत जाणाऱ्या विद्यार्थ्याला खेडाची जास्त गरज असते.

तिसऱ्या वर्षी जाहिरात की पत्रकारिता हा निर्णय घ्यावा लागतो. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी नोकऱ्या जास्त म्हणून जाहिरात घेतली आणि त्यातल्या काही जणी आज समाधानाने काम करताहेत. मी पत्रकारिता घेतली, कारण मला माणसांकडे जाऊन विचारायला आवडतं. पगाराचं स्पष्ट सांगते: माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांची सुरुवात पंधरा-अठरा हजारांवर झाली, आणि इंटर्नशिप बहुतेक बिनपगारी होत्या. घरी लगेच पैसे द्यायची गरज असेल, तर हे आधी धरून चाला.

नवीन शैक्षणिक धोरणामुळे २०२४-२५ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी रचना बदलली आहे. चौथ्या वर्षाचा पर्यायही आहे. त्यामुळे पेपरांची नावं माझ्यासारखीच असतील असं समजू नका. कॉलेज बघायला जाल तेव्हा स्टुडिओ दाखवतील, तो बघा, पण नंतर ग्रंथालयात जाऊन मराठी वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइल आहेत का ते विचारा. संशोधन आणि कायदा शिकवणारे शिक्षक पूर्णवेळ आहेत का, किती वर्षं आहेत, हेही विचारा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना बाजूला घेऊन त्यांनी केलेला एखादा सर्व्हे दाखवायला सांगा. कोणाला विचारलं आणि त्यांनाच का, हे त्यांना सांगता आलं, तर तिथे फी भरायला हरकत नाही.