काळी नदीवरच्या फ्लाय फिशिंग सहलीत माझे 48,525 रुपये बुडाले, बुकिंगआधी वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ज्यांना ज्यांना गळाचा नाद आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. घरच्यांनी सांगितलं, गप्प बस, चारचौघांत शोभा कशाला? पण ही सहल विकणारा माणूस अजून जाहिराती टाकतोय. गप्प बसणार नाही.

पॅकेज असं होतं: एक दिवस कारवारजवळ देवबागचा किनारा, एक दिवस सुपा धरणाचा जलाशय, एक दिवस काळी नदी. गाडी, राहणं, जेवण धरून माणशी 18,500. आम्ही तिघं, म्हणजे 55,500. माझा थोरला मावसभाऊ मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालाय. काश्मीरला असताना तो फ्लायवर, म्हणजे पिसं-दोऱ्याच्या नकली माशीवर, ट्राउट धरायला शिकला. आपल्या भागातल्या पाण्यात एकदा तरी फ्लाय टाकायची, हे किती वर्षं त्याच्या तोंडी होतं. त्याच्यासाठीच सगळं ठरवलं. निम्मे, म्हणजे 27,750 आगाऊ गेले. मग परमिटचे 6,000. मग रॉडचं डिपॉझिट, प्रत्येकी 4,000 प्रमाणे 12,000, ट्रिप संपली की परत मिळणार म्हणे. शेवटी जीएसटी 2,775. दर वेळी रक्कम अशी मागायचा की एवढे दिलेत तर एवढ्यासाठी कशाला अडायचं, असंच वाटावं.

'शिकलेली माणसं तुम्ही, कसे काय फसलात?' असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी त्याचं बोलणं ऐकायला हवं होतं. खाडीच्या तोंडाशी चोणक आणि तांबोशीसाठी आठ नंबरचा रॉड घ्या, वारं असलं तर नऊचा. खाऱ्या पाण्यातून आलात की रील आधी गोड्या पाण्यानं धुवा. नदीत हूकचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका, म्हणजे सोडताना माशाचं तोंड फाटत नाही. यातलं काहीही खोटं नाही. भाऊ स्वतः अर्धा तास त्याच्याशी फोनवर बोलला आणि म्हणाला, माणूस जाणकार आहे. होताच जाणकार! म्हणून सांगतो, समोरच्याला मासेमारीतलं किती कळतं यावर त्याची पारख करू नका. पैसे कुणाच्या नावावर चाललेत ते बघा. यूपीआयवर नाव एका बाईचं येत होतं. 'मिसेसचं खातं आहे सर, जीएसटीचं काम तीच बघते.' जीएसटी घेणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक असतो, पावतीवर छापलेला असतो. मागा. नाही दिला तर तिथंच सोडा.

आणि ते परमिट. अजून रात्री डोळ्यांसमोर येतं. रात्री साडेनऊला दुकानाचं शटर ओढत होतो, तेव्हा मोबाईलवर आलं. वर राजमुद्रा, खाली जांभळा गोल शिक्का, सगळं कन्नडमध्ये, आमची तिघांची नावं, आधारचे शेवटचे चार आकडे. मथळ्यावर दांडेली अंशी व्याघ्र प्रकल्प. अहो, 2015 सालीच त्याचं नाव काळी व्याघ्र प्रकल्प झालंय! दांडेलीला जाता-येता किती वेळा पाटी वाचलीय मी. पण त्या वेळी नजर आमच्या नावांवर होती. मेव्हण्याच्या आडनावात एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त करून मागितलं. दहा मिनिटांत दुरुस्त होऊन आलं. सरकारी परमिट, रात्री पावणेदहाला, शिक्क्यासकट! आपल्याकडे साध्या उताऱ्यासाठी किती खेटे घालावे लागतात हे मला माहीत नाही काय? तरी मी 'थँक यू' लिहून पाठवलं.

व्याघ्र प्रकल्पाच्या आत गळ टाकायचं परमिट कुणी देऊ करत असेल तर तिथंच फोन ठेवा. कावेरीवर भीमेश्वरीचे महसीर माशाच्या गळाचे कॅम्प कधीकाळी जगभर नावाजलेले होते, तिथलाही गळ अभयारण्य म्हणून बंद झाला. जाहिरातीतला फोटोही तिकडचाच असणार: पाठीला कुबड, नारिंगी शेपटी. तो महसीर कावेरी खोऱ्याबाहेर नाही. काळी नदीचा म्हणून आम्हाला तोच दाखवला.

पहाटे चारला आरपीडी क्रॉसवर गाडी यायची होती. आली नाही. फोन बंद.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन केला. पण तो नंबर पैसे गेल्या गेल्या फिरवला तरच उपयोगाचा, आमचे पैसे हप्त्याहप्त्यानं कधीच निघून गेले होते. मग ठाणं. आमच्याकडच्या ठाण्यात सांगितलं, खातं महाराष्ट्रातल्या शाखेत आहे, तिकडे जावा. तिकडे गेलो तर, पैसे बेळगावातून गेलेत, गुन्हा कर्नाटकात घडलाय, तिकडेच द्या. परत आलो तर अर्ज मराठीत चालणार नाही. 150 रुपये देऊन कन्नडमध्ये टाइप करून नेला, तर साहेब बंदोबस्ताला. हद्द कुठलीही असो, झीरो एफआयआर घ्यावाच लागतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 आहे. त्याची प्रिंट काढून पुढे ठेवली. ती न वाचता परत सरकवली. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चाललाय, दोन्ही सरकारं म्हणतात बेळगाव आमचं. मग बेळगावच्या माणसाची दोन पानांची तक्रार दोघांनाही नको कशी? मला पोच मिळाली ती फक्त सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरची, एक लांबलचक नंबर. बँकेत गेलो तर खातेदाराचा पत्ता फक्त पोलिसांना देता येतो म्हणाले. पोलिसांनी तो मागितलेलाच नाही.

तो पत्ता मला हवाय, कारण 2019 च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात दावा टाकता येतो, एवढ्या रकमेला फीसुद्धा नाही. पण नोटीस कुठं पाठवायची?

आपल्या भागात आणखी कुणी परमिटचे 6,000 भरले असतील तर लाजू नका. यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि ते परमिट जपून ठेवा, चॅट डिलीट करू नका, आणि आपली तक्रार वेगळी द्या. एकाच खात्यावर चार तक्रारी गेल्या तर मला परत पाठवलं तसं तुम्हाला पाठवता येणार नाही. ज्यांची तारीख अजून यायची आहे, त्यांनी रॉडचं डिपॉझिट तर अजिबात भरू नका.