व्हिडिओसाठी पहिला फिल्टर: व्हेरिएबल एनडी की फिक्स्ड?

फोटो काढणाऱ्याचं भर उन्हातही फिल्टरवाचून अडत नाही. उजेड जास्त झाला की तो शटर (उजेड आत येण्याचा वेळ) १/२००० सेकंदावर नेतो आणि मोकळा होतो. व्हिडिओत ही पळवाट नाही. सेकंदाला २५ फ्रेम घेत असाल तर शटर १/५० च्या आसपासच ठेवावा लागतो. तो १/२००० वर नेला की चालणाऱ्याचे हात झटके खात हलतात आणि कारंज्याचं पाणी धार न दिसता सुटे मणी दिसू लागतं. एडिटिंगमध्ये हे पुरतं सावरता येत नाही. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते आधी एनडीवर, म्हणजे रंग न बदलता नुसता उजेड कमी करणाऱ्या गडद काचेवर घाला, असं मी कुणालाही सांगेन.

किती स्टॉपचा? (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा.) कडक ऊन, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/५० असेल तर एक्स्पोजर साधारण एफ/२२ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक ठेवून जमतं. मागचं दृश्य धूसर करायला एफ/२.८ इतकं मोठं छिद्र हवं असेल तर ६ स्टॉप उजेड अडवावा लागतो, म्हणजे एनडी ६४ (काही फिल्टरवर हेच १.८ असं लिहिलेलं असतं). लॉगमध्ये (नंतर रंग सुधारण्यासाठी फिकट चित्र टिपण्याची पद्धत) कॅमेरा आयएसओ ८०० च्या खाली उतरत नसेल तर आणखी ३ स्टॉप धरा.

व्हेरिएबल एनडी म्हणजे एकापुढे एक बसवलेले दोन पोलरायझर (एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश आत सोडणाऱ्या काचा). पुढची काच फिरवली की उजेड कमी-जास्त होतो. ढग आला, गेला, तरी एका बोटावर काम भागतं. एकट्यानं पळापळ करत शूट करणाऱ्याला ही सोय फार मोलाची आहे. पण काच फिरवताना गालावरची, कपाळावरची चमकही बदलते, स्वस्त फिल्टरमध्ये रंग पिवळट किंवा हिरवट होतात, आणि वाइड लेन्सवर टोकापर्यंत फिरवलं तर चित्रात काळी फुली उमटते. एका मुलाखतीत २४ मिमी लेन्सवर मी तेच केलं. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर काही जाणवलं नाही. घरी मोठ्या स्क्रीनवर पाहिलं तर आकाशातून तिरका उतरलेला काळा पट्टा थेट बोलणाऱ्याच्या खांद्यावर. ती मुलाखत पुन्हा घेता आली नाही. तेव्हापासून, दोन्ही टोकांना रिंग अडते असाच व्हेरिएबल मी घेतो.

फिक्स्ड एनडीत, म्हणजे ठरावीकच उजेड अडवणाऱ्या काचेत, फुलीची भानगड नाही, रंगही सहसा जास्त स्वच्छ येतात. पण ३, ६ आणि ९ स्टॉपच्या तीन काचा बाळगा, दर वेळी आटे फिरवून काढा-घाला, आणि तेवढ्यात समोरचा प्रसंग निघून जातो. गडद काच घेताना ती इन्फ्रारेडही अडवते का, हे आवर्जून पाहा. नाहीतर काळा कोट तपकिरी दिसतो.

माझा कौल असा: ट्रायपॉड, मुलाखती, ठरवून केलेलं काम असेल तर फिक्स्ड; हातात कॅमेरा घेऊन एकट्यानं फिरायचं असेल तर व्हेरिएबल. त्यातही २ ते ५ स्टॉपचा बहुतेक वेळा पुरतो, पण लॉगमध्ये भर उन्हात कमी पडतो. कॅमेऱ्यातच एनडी असेल तर हा सगळा खर्च वाचला, तो पोलरायझरकडे वळवा.

पाण्यावरची, काचेवरची, ओल्या पानांवरची चकाकी काढणं पोलरायझरलाच जमतं. त्यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो. पॅन करताना (कॅमेरा आडवा फिरवताना) मात्र जपा, आकाशाचा निळा रंग एका बाजूला गडद, दुसरीकडे फिका होत जातो. व्हेरिएबल एनडीवर तो चढवू नका, तिथे आधीच दोन आहेत.

यूव्ही फिल्टर फिल्मच्या काळात लागायचा. आता सेन्सरसमोरच्या काचाच ते काम करतात, त्यामुळे वाळू-तुषारांपासून लेन्स वाचवण्यापुरताच तो लावा आणि रात्री दिव्यांसमोर काढून ठेवा, नाहीतर दिव्यांची भुतं, म्हणजे पुसट प्रतिबिंबं, फ्रेमभर तरंगतात. चित्र मऊ करणारा डिफ्यूजन फिल्टर सगळ्यात शेवटी. घ्यायचाच तर १/८ या सौम्य ताकदीपासून सुरुवात करा.

फिल्टर कोणताही घ्या, तुमच्याकडच्या सर्वात मोठ्या लेन्सच्या मापाचा घ्या, बहुधा ७७ किंवा ८२ मिमी. लहान लेन्सना स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर बसवायची जोडकडी) लावता येते. मात्र तशा लेन्सवर तिचा मूळ हूड बहुधा बसत नाही, तेव्हा उन्हाची तिरीप अडवायला वेगळी सोय करावी लागते.